पडद्याखालचे पाय

मला प्रेक्षकांचे चेहरे माहीत नाहीत.
फुलाफुलांचा पडदा जमिनीपासून वीतभर वर राहतो,
तेवढ्या फटीतून मी बावीस वर्षं
पेर्नांबुकूचे पाय बघते आहे.
रबरी चपला, अनवाणी टाचा,
ऊसतोडीचे बूट, त्यांवर जळक्या पाचटाची राख.
विनोद लागला की बोटं आखडतात,
पडला की टाचा वळतात.
टाळ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

वर, अनाक्लेतुमामाच्या उजव्या मुठीवर, तिबुर्सियु.
पांगाऱ्याच्या जातीचं हलकं लाकूड,
नाक दोनदा तुटलेलं,
एकदा पोलिसाकडून, एकदा उंदराकडून.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
ह्याला तर जीभच नाही,
म्हणून हा सुटतो.
ठाण्यात बोलावलं तेव्हा मामा म्हणाला,
साहेब, मी खाली बसलेला असतो,
वर काय बोलणं चालतं मला काय ठाऊक.

शनिवारी बाजार उठला की खेळ.
दुपारी मी घेवड्याचा भाव विचारून येते,
पाण्याचा टँकर कुठल्या गल्लीत शिरला, कुठल्या नाही,
दवाखान्यात डॉक्टर आला की नुसताच त्याचा कोट,
आणि रात्री तिबुर्सियु ते सगळं
स्वतःच्या लग्नाच्या गोष्टीत कालवतो.
नवरी म्हणते, अंगठी राहू दे, घेवडा आण किलोभर.

पण हुकमाचा एक्का एकच.
नगराध्यक्ष देओक्लेसियु आणि त्याचं कारंजं.
तीनदा उद्घाटन झालं, थेंब आला नाही.
तिबुर्सियु म्हणायचा,
काल रात्री मी त्याच्यामागे जाऊन आलो,
आता तरी कोरडं म्हणू नका.

तपकिरी बूट, टोकाला छिद्रांची नक्षी,
बिअरच्या गाडीशेजारी, जरा अंधारात.
दर शनिवारी यायचा.
कारंज्यावर लोक फुटायचे तेव्हा
उजवा बूट ताल धरायचा.
निवडणुकीच्या वर्षी टोपीत नोट टाकली,
नोटेत चिठ्ठी: माझ्यावर अजून थोडं बोला,
लोक मला विसरत चाललेत.

गेल्या शनिवारी पहाटे तो गेला. झोपेतच.
चर्चची घंटा दुपारभर.
मामा म्हणाला, आज खेळ नाही.
अकॉर्डियनवाला जुराँदिर म्हणाला, बाजार तर भरलाय.
मग झाला. घेवडा झाला, डॉक्टरचा कोट झाला,
कारंजं आलं तिथे मामाचा हात
हवेतच थांबला.
मला त्याचं कोपर थरथरताना दिसलं.
बोटं, टाचा, सगळं गप्प.
बाहेर कुणाचं तरी मूल खोकलं.

तेव्हा फटीत काळे सपाट जोडे आले,
फक्त मयतीला घालायचे असतात तसले,
पडद्याला चिकटून उभे.
आवाज कोरडा:
"पैसे देते. ते कारंज्याचं म्हण.
घरी येऊन तो मला करून दाखवायचा,
कधी नीट जमलं नाही त्याला."

मामालाही जमेना. नाक ओढत रडत होता,
आणि त्याच्या डोक्यावर तिबुर्सियु
मान वाकडी करून हसत होता, कोरलेलाच तसा.
मी उठले. कधी उठत नाही मी.
बावीस वर्षं ऐकलेलं वाक्य
मामाच्या काखेखालून ओरडून म्हटलं.
बाहुला पुरुष, आवाज बाईचा, आणि सूर
भाजी विकल्यासारखा.

काहीच नाही.
मग काळे जोडे टाचांवर मागे झुलले.
हसली की तोल गेला, ते फटीतून कळत नाही.
तिच्या मागे ऊसतोडीच्या एका बुटाने
जमीन खरवडली, मग रबरी चपला,
मग सगळंच.

सोमवारी नव्या माणसाने शपथ घेतली.
म्हणाला, कारंजं महिन्याभरात सुरू करतो.
मामा दिवसभर वैतागलेला,
हे झालं तर आपण खायचं काय?
म्हणून मी चौकात जाऊन बघून आले.
पाइप आलेत. वाळूत आडवे पडलेत.
एकात कोंबडी बसली आहे, अंड्यांवर.
शनिवारी हे चालेल.